कार्डाचा स्पीड छापता, मग खोलीचं तापमान पण छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

तुमच्या पुरवणीत मागच्या आठवड्यात स्वस्तातल्या ग्राफिक्स कार्डाचा, म्हणजे पीसीत गेमचं चित्र काढणाऱ्या भागाचा, स्पीड फुकटात कसा वाढवायचा यावर अर्धं पान आलं होतं. आमच्या गल्लीतल्या पोट्ट्यांनी त्याचा लगेच फोटो काढून एकमेकांना पाठवला आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यातले दोघं माझ्या दारात, की मावशी पेपरातले आकडे टाकले तर गेम सुरू झाल्यावर पाच मिनिटात पीसी बंद पडून राहिला. लेख वाईट नव्हता हो. उलट मराठी पेपरात कोणीतरी कोअर क्लॉक, मेमरी क्लॉक (कार्डाच्या मुख्य चिपचा आणि मेमरीचा स्पीड) असलं काही छापलं याचा मला आनंदच झाला, नाहीतर कॉम्प्युटर म्हटलं की आपल्याकडे अजूनही मुलांना स्क्रीनपासून दूर कसं ठेवायचं हेच चालू असतं. पण त्यात कोअरला +१५० आणि मेमरीला +८०० मेगाहर्ट्झ असे आकडे ठोकून दिले होते, आणि ते कोणत्या कार्डावर, कोणत्या खोलीत, किती डिग्रीला निघाले हे कुठेच नव्हतं. माझं म्हणणं एवढंच आहे, पत्र लांबलं तर खुशाल कात्री लावा.

मी हिंगणा एमआयडीसीत इलेक्ट्रिकल पॅनलच्या कामात आहे. गेमिंगमधलं मला फार कळत नाही पण गरम होणाऱ्या वस्तू रोज हाताखालून जातात. आमच्याकडे साध्या मोटरचं रेटिंगसुद्धा आजूबाजूची हवा किती डिग्रीची हे धरून दिलेलं असतं, बहुतेक वेळा ४० अंश, आणि हवा त्याच्या वर गेली की मोटरकडून पूर्ण लोड घ्यायचा नाही हे आमच्या हेल्परला पण माहीत असतं. ग्राफिक्स कार्डाच्या डब्यावर कार्टूनमधल्यासारखा रोबोट असतो, लाल-हिरवे लाइट असतात, ही एक ओळ मात्र नसते.

हिशोब सोपा आहे. पंख्यावर थंड होणारं कार्ड तेवढीच वीज खात असेल आणि पंखा तेवढाच फिरत असेल तर ते खोलीच्या हवेपेक्षा साधारण ठरावीक अंशांनी गरम राहतं. समजा एखादं कार्ड खोलीच्या वर ४५ अंश चढतं. यूट्यूबवरचा माणूस एसीत २२ अंशाला बसून टेस्ट करतो, त्याला ६७ दिसतात आणि तो म्हणतो बघा किती थंड, अजून भरपूर जागा आहे. तेच कार्ड मे महिन्यात नागपूरच्या नंदनवन वस्तीत वरच्या मजल्यावर, दिवसभर स्लॅब तापलेला, खोलीच ४० ला, तिथे ८५ व्हायला पाहिजे. पाहिजे म्हणते कारण ते तिथपर्यंत जाणारच नाही, एनव्हिडिया या चिप बनवणाऱ्या कंपनीच्या बऱ्याच कार्डांत तापमानाची मर्यादा मुळातच ८३ वर लावलेली असते, ती आली की कार्ड स्वतःच स्पीड कमी करतं. म्हणजे तुम्ही +१५० टाकले आणि कार्डाने ते गुपचूप परत घेतले. वरून चिप जितकी गरम तितकी तिच्यातली करंटची गळती जास्त, म्हणजे त्याच स्पीडला वीज थोडी अजून जास्त आणि त्यातून उष्णता अजून जास्त. आपल्या नागपूरचा मे २०१३ चा रेकॉर्ड ४७.९ चा आहे आणि डिसेंबर २०१८ मध्ये इथेच पारा ३.५ वर उतरला होता. एका गावात, एका टेबलावर ठेवलेल्या कार्डाचा सेफ आकडा वर्षभर एकच राहील असं कोणाला वाटत असेल तर त्याने एकदा नवतपात इथे राहून दाखवावं.

माझ्या भाच्याकडे एनव्हिडियाचं जीटीएक्स १६५० आहे, २०१९ चं मॉडेल, ४ जीबीचं, सेकंडहँड घेतलेलं. त्याच्या पीसीवर आम्ही काहीही न वाढवता नुसता आफ्टरबर्नरचा (कार्डाचा स्पीड बघायच्या-बदलायच्या सॉफ्टवेअरचा) आलेख उघडून गेम लावला. सुरुवातीला तापमान पन्नाशीच्या आत, क्लॉक १८९० मेगाहर्ट्झ. मग तापमान चढत गेलं तसा आकडा १८७५, मग १८६०, मग १८४५, पंधरा-पंधराच्या पायऱ्यांनी खाली येत गेला, पंख्याचा आवाज वाढला आणि आकडा तिथेच एक पायरी खाली एक पायरी वर असा डोलत राहिला. भाचा म्हणे, "मावशी, खराब निघालं काय बे हे, काऊन उतरून राहिलं?" खराब नाही, ते असंच वागायला बनवलंय. याला जीपीयू बूस्ट म्हणतात, २०१२ च्या जीटीएक्स ६८० पासून एनव्हिडियाच्या कार्डांत हे आहे. डब्यावरचा बूस्ट क्लॉक, म्हणजे १६५० च्या बाबतीत १६६५, हा नुसता कंपनीने सांगितलेला भरवशाचा आकडा, प्रत्यक्षात कार्ड स्वतःची वीज, व्होल्टेज आणि तापमान पाहून त्याच्या वर जेवढं जमेल तेवढं आपोआप पळतं. थोडक्यात कंपनीने आधीच बरंचसं ओव्हरक्लॉक (ठरलेल्यापेक्षा जास्त स्पीड) करून दिलेलं असतं आणि आपल्या हातात उरतं ते थोडंसं. हे पोट्ट्यांना कोणी सांगत नाही, त्यांना वाटतं स्लायडरमागे कंपनीने खजिना लपवून ठेवलाय.

दुसरी अडचण विजेची, आणि बजेट कार्डात हीच सगळ्यात मोठी. १६५० ची बरीच मॉडेल्स वेगळी पॉवर केबल न लावता थेट मदरबोर्डच्या स्लॉटवर चालतात, आणि त्या स्लॉटमधून जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात. कार्डाला ६ पिनची केबल असेल तर आणखी ७५, ८ पिनची असेल तर आणखी १५०. केबल नसलेल्या बहुतेक कार्डांत पॉवर लिमिटची पट्टी १०० च्या पुढे सरकतच नाही, माउस झिजेपर्यंत ओढा. अशा कार्डावर कोअरला +१५० दिले की जड सीनमध्ये ७५ वॅट आधीच संपलेले असतात त्यामुळे स्पीड वाढत नाही, आणि हलक्या सीनमध्ये, मेनूमध्ये, लोडिंगच्या वेळी वीज शिल्लक असते तेव्हा क्लॉक भलताच वर उडतो आणि पीसी तिथे लटकतो. आमच्या दारात आलेल्या त्या दोघांचं नेमकं हेच झालं होतं, प्रत्यक्ष खेळताना नाही, गेममधला नकाशा उघडला की बंद. आफ्टरबर्नरच्या आलेखांच्या यादीत खाली पॉवर लिमिट, टेम्प लिमिट, व्होल्टेज लिमिट अशा ओळी असतात, त्या चालू करायच्या, ज्या ओळीवर ० चा १ झाला त्या कारणाने कार्ड अडलंय. कोणताही स्लायडर हलवायच्या आधी नवशिक्याने निदान एक संध्याकाळ हे नुसतं बघत बसावं असं मी सांगते, आणि कोणीही ऐकत नाही.

आफ्टरबर्नरवरून आठवलं, हे सॉफ्टवेअर फुकट आहे आणि एमएसआयचं नाव असलं तरी दुसऱ्या कंपन्यांच्या कार्डावर पण चालतं, पण ते घ्यायचं फक्त त्यांच्या अधिकृत साइटवरून. २०२१ मध्ये खुद्द एमएसआयनेच इशारा दिला होता की आपल्यासारखीच दिसणारी खोटी साइट बनवून कोणीतरी व्हायरस वाटून राहिलंय. एएमडी कंपनीचं रेडिऑन कार्ड असेल तर त्याच्या अॅड्रेनालिन सॉफ्टवेअरमध्येच ही सोय असते, वेगळं काही टाकायची गरज नाही.

मग बजेट कार्डात निघतं कुठून? माझ्या पाहण्यात मेमरीतून. १६५० च्या जीडीडीआर५ वाल्या मॉडेलची मेमरी ८ जीबीपीएसची (एका तारेवर सेकंदाला ८ गिगाबिट) असते आणि आफ्टरबर्नरमध्ये तो आकडा ४००० च्या आसपास दिसतो. तिला +५०० दिले आणि तिने ते पेलले तर बँडविड्थ, म्हणजे मेमरीतून जाणारा डेटा, सेकंदाला १२८ जीबीवरून १४४ वर जाते, आणि वीज कोअर वाढवण्याच्या मानाने फार कमी लागते. पण एकदम ५०० टाकायचे नाहीत, ५०-५० ने चढायचं, आणि इथे एक फसवणूक आहे ती लेखात असायला पाहिजे होती. जीडीडीआर५ मध्ये डेटा पाठवताना चूक झाली की ती ओळखून तो परत पाठवायची सोय आहे, त्यामुळे मेमरी जास्त ताणली की दर वेळी स्क्रीनवर रंगीत चौकोन दिसतील किंवा पीसी अडकेल असं नाही, कार्ड मुकाट्याने तोच डेटा पुन्हा पुन्हा पाठवत बसतं आणि फ्रेम्स (सेकंदाला दिसणारी चित्रं) वाढायच्या ऐवजी कमी होतात. म्हणून प्रत्येक पायरीला तोच बेंचमार्क (स्पीड मोजायची टेस्ट) लावून आकडा लिहून ठेवायचा, आणि आकडा घसरायला लागला की दोन पायऱ्या मागे यायचं. क्रॅश झालं नाही म्हणजे जमलं असं नसतं. आणखी एक, स्वस्त कार्डांवर मेमरीचं तापमान दाखवणारा सेन्सर बहुतेक नसतोच आणि काही मॉडेल्समध्ये मेमरीच्या चिपवर थर्मल पॅडही नसतो, नुसत्या पंख्याच्या हवेवर काम चालतं, तेव्हा कोअर ७० दाखवतोय म्हणून मेमरी पण थंडच असेल असं धरू नका.

आणि जी गोष्ट लेखात नावालाही नव्हती ती म्हणजे अंडरव्होल्टिंग, चिपचं व्होल्टेज कमी करणं. माझ्या मते विदर्भातल्या माणसाने हेच आधी शिकावं. चिप जी वीज खाते ती स्पीडच्या प्रमाणात वाढते पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हे डिप्लोमाच्या पोराला पण माहीत आहे. म्हणजे स्पीड तोच ठेवून व्होल्टेज १० टक्के कमी झालं तर चिपची वीज जवळपास १९ टक्क्यांनी उतरते. चिप कोणत्याही परिस्थितीत चालली पाहिजे म्हणून कंपनी व्होल्टेज थोडं राखून जास्तच देते, आणि आपल्याला ती जास्तीची शिल्लक काढून घ्यायची असते. आफ्टरबर्नरमध्ये कंट्रोल आणि एफ दाबलं की व्होल्टेज आणि स्पीडचा आलेख उघडतो. त्यात समजा ९०० मिलिव्होल्टचा ठिपका धरायचा, तो कार्ड एरवी जेवढा स्पीड टिकवतं तेवढ्यापर्यंत वर न्यायचा, त्याच्या उजवीकडचे सगळे ठिपके त्याच रेषेत सपाट करायचे आणि बरोबरची खूण दाबायची. नाही टिकलं तर ठिपका थोडा खाली, किंवा व्होल्टेज २५ ने वर. भाच्याच्या कार्डाला हे केल्यावर पंख्याचा आवाज पहिल्यांदा टीव्हीच्या आवाजाच्या खाली गेला, माझ्या बहिणीला तेवढंच कळलं आणि तेवढंच पुरलं. आणि गंमत म्हणजे ७५ वॅटच्या कार्डात वीज वाचली की तीच वीज स्पीडला मिळते, त्यामुळे व्होल्टेज कमी करून फ्रेम्स वाढलेल्या पण मी पाहिल्या.

टेस्टबद्दल. सगळे उठून फरमार्क ही कार्डावर ताण देणारी टेस्ट लावतात कारण त्यातली ती केसाळ गोल वस्तू फिरताना भारी दिसते. पण फरमार्क इतका जड आहे की कार्ड लगेच वीजमर्यादेला टेकतं आणि क्लॉक खाली येतो, म्हणजे तुम्ही जो वरचा स्पीड टाकलाय तो तपासलाच जात नाही, अर्धा तास पास होतं आणि नंतर साध्या गेममध्ये तोंडावर पडतं. हेवन किंवा सुपरपोझिशनसारखा बेंचमार्क लावा, आणि त्याच्यानंतर जो गेम रोज खेळता तोच दोन-चार दिवस खेळा. तोपर्यंत विंडोज सुरू होताना सेटिंग आपोआप लागू करायचं जे बटण आहे त्याला हात लावू नका, नाहीतर चुकीचं सेटिंग प्रत्येक वेळी चालू होताच लागेल आणि सेफ मोडमध्ये जाऊन काढत बसावं लागेल. आणि आपल्याकडे अजून एक, उन्हाळ्यात संध्याकाळी शेजारचा एसी लागला की लाइट एकदा डिम होते, त्याच क्षणी पीसी रीस्टार्ट झाला तर दोष ओव्हरक्लॉकला देऊ नका, एका पोट्ट्याने असंच चांगलं चाललेलं सेटिंग तीन वेळा उतरवलं आणि गडबड निघाली एक्स्टेंशन बोर्डात.

आईवडिलांसाठी पण दोन ओळी, कारण पेपर तेच वाचतात. स्लायडरने कार्डाचा स्फोट वगैरे होत नाही. या सॉफ्टवेअरमधून व्होल्टेज कंपनीने ठरवलेल्या हद्दीबाहेर नेता येत नाही, जास्त झालं तर स्क्रीन काळी होते, ड्रायव्हर परत सुरू होतो किंवा पीसी रीस्टार्ट होतो, बस. खरी भीती दुसरीकडे आहे. कॅबिनेटबरोबर फुकट आलेला एसएमपीएस (पीसीचा पॉवर सप्लाय), ज्याच्यावर ४५० वॅटचं स्टिकर आहे आणि हातात घेतला तर रिकाम्या डब्यासारखा लागतो, तो आधी बदला. कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येत असतील तर घरात अर्थिंग नाही, महाल-इतवारीच्या जुन्या घरांत हे फार दिसतं, त्याला आधी इलेक्ट्रिशियन बोलवा, गेम नंतर. आणि कोणी कार्डाचं बायॉस (कार्डातच भरलेलं मूळ सॉफ्टवेअर) बदलून पॉवर लिमिट वाढवून देतो म्हणाला तर नको म्हणा, चुकलं तर कार्ड सुरूच होत नाही. बर्डीवरच्या एका दुकानात नुसते स्लायडर सरकवून द्यायचे वेगळे पैसे घेताना मी स्वतः पाहिलंय, ते पैसे थर्मल पेस्टला, म्हणजे चिपची उष्णता बाहेर काढणाऱ्या लेपाला, घाला.

सेकंडहँड घेणाऱ्यांनी तर पेस्टचं बघाच. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाचं मायनिंग (कार्डं चालवून ते कमावणं) बंद झालं तेव्हा मायनिंगमध्ये रात्रंदिवस चाललेली आरएक्स ५७०, ५८० सारखी कार्डं बाजारात आली. त्यातली बरीच आजही चांगली चालतात पण पंख्याचे बेअरिंग झिजलेले, पेस्ट सुकून खपली झालेली, आणि कधीकधी मायनिंगसाठी बदललेलं बायॉस तसंच राहिलेलं. अशा कार्डावर पहिल्याच दिवशी +१०० टाकणारा पोट्टा मला धाडसी वाटत नाही.

आता कूलर. एसी सगळ्यांकडे नसतो, आपला आधार कूलरच, आणि दुपारी चाळिशीतली खोली कूलरने तिशीच्या जवळ आली तर कार्डाला दहा अंश मिळाले, जे कोणत्याही स्लायडरमध्ये मिळत नाहीत. पण कूलरचं तोंड कॅबिनेटकडे करू नका हो. मी एक कार्ड उघडलं होतं, हीटसिंकच्या पात्यांमध्ये ताट्यांचा भुसा, धूळ आणि पाण्याची ओल यांचा नमद्यासारखा थर बसला होता, चिमट्याने पट्टीसारखा अख्खा निघाला, आणि कडेच्या स्क्रूवर बोअरच्या खाऱ्या पाण्याची पांढरी बुकटी. तो थर काढल्यावर, पेस्ट बदलल्यावर त्या कार्डाचं तापमान जेवढं उतरलं तेवढं त्याचा मालक महिनाभर स्लायडरशी खेळून उतरवू शकला नव्हता. साफ करताना पीसी बंद, आणि ब्लोअर मारताना कार्डाचा पंखा बोटाने धरून ठेवायचा, उलटा गरगरा फिरू द्यायचा नाही.

एवढं सगळं करून मिळतं किती ते पण खरं छापा. माझ्या पाहण्यात ४० फ्रेम्सच्या ४३, फार नशीब असेल तर ४४. साठ होत नाहीत. साठ पाहिजे असतील तर गेममधली सावल्यांची सेटिंग एक पायरी खाली करा, दोन क्लिकचं काम आहे. तरीपण पोट्ट्यांनी हे करावं असंच मी म्हणते, कारण एक स्लायडर हलवला की तीन आलेख कसे हलतात हे जो एकदा लक्ष देऊन बघतो त्याला वीज आणि उष्णता पुस्तकापेक्षा लवकर समजते.

फक्त आकडा वाचला की तो कुठे मोजला हे विचारायची सवय लागायला हवी. मे २०२४ मध्ये नागपुरात ५६ अंश अशी बातमी देशभर झाली होती, आठवत असेल. नंतर हवामान खात्याने सांगितलं की त्या स्वयंचलित केंद्राचा सेन्सरच बिघडला होता. तेव्हा आपण सगळ्यांनी विचारलं की मोजलं कुठे, कशाने मोजलं. +१५० वाचल्यावर पण तेच विचारायचं.

तर विनंती अशी की पुढच्या वेळी असा लेख घ्याल तेव्हा प्रत्येक आकड्यासमोर कार्डाचं मॉडेल, त्याला पॉवर केबल आहे की नाही, खोलीचं तापमान आणि पंखा किती टक्क्यांवर होता एवढं छापा. आफ्टरबर्नरमध्ये पाच प्रोफाइल ठेवायची जागा आहे, आमच्या गल्लीत आम्ही एक नंबर उन्हाळ्याचा आणि दोन नंबर हिवाळ्याचा ठेवलाय, उन्हाळ्याचा म्हणजे व्होल्टेज कमी आणि कोअरला काहीच जास्त नाही, हिवाळ्यात मेमरीबरोबर कोअरला पण थोडं. जागा असेल तर दोन्ही प्रोफाइलचे आकडे खोलीच्या तापमानासकट लिहून पाठवते, पोट्ट्यांनी वहीत तारखेवार लिहून ठेवलेत, अक्षर तेवढं तुमच्या माणसाला लावून घ्यावं लागेल.

आपली,
एक वाचक, त्रिमूर्ती नगर, नागपूर